कॉलनीतल्या तळ्यात बास: नवा रॉड आणला, तीन रविवार कोरडे गेले. सल्ला हवाय

कोरडा_गळ
३ जून, रात्री १०:४०

राम राम मंडळी. मध्य न्यू जर्सीत राहतो. आमच्या टाउनहाउसांच्या मागे असोसिएशनचं तळं आहे, दीडेक एकराचं, पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. एका टोकाला सिमेंटच्या पाइपातून रस्त्यांवरचं पाणी येतं, दुसऱ्या टोकाला काँक्रीटची चौकोनी पेटी आहे, तिच्यातून जादा पाणी बाहेर पडतं. मधोमध कारंजं, काठाला पाणकणीस, आणि कॅनडा गीझ पक्ष्यांनी घाण करून ठेवलेलं गवत.

तळ्यात बास मासे आहेत हे नक्की. समोरच्या ओळीतला एक शाळकरी पोरगा संध्याकाळी सायकलवर येतो, वीस मिनिटांत एखादा काढतो, माशाचा खालचा ओठ चिमटीत धरून फोटो घेतो, सोडतो आणि जेवायला घरी जातो. माझी नऊ वर्षांची लेक हे खिडकीतून बघते. पुढचं सांगायला नको.

सामान असं: सात फुटी मीडियम रॉड, ३००० साइझचं स्पिनिंग रीळ, १० पौंडी मोनो दोरा (एकपदरी नायलॉन; मीच घरी भरला, काठोकाठ), आणि ऐंशी नगांचा आमिषांचा डबा. डबा उघडला की दिवाळीतल्या रंगांच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं. तीन रविवार सकाळी दहा ते बारा उभे होतो. मासा शून्य. दर चौथ्या फेकीला दोऱ्याचा असा गुंता, की लहानपणी कापलेल्या पतंगाचा मांजा गोळा केल्याची आठवण यावी. एकदाच जोरात हिसका बसला आणि दोरा हलका झाला. ओढून बघितलं तर आमिष गायब, टोक पिळवटलेलं.

लायसन्स काढलंय, असोसिएशनची परवानगी आहे (पकडा, पण सोडा). प्रश्न एवढेच: रीळ परत करून बेटकास्टर (दुसऱ्या प्रकारचं रीळ) घेऊ का? आणि या ऐंशीतलं नेमकं काय टाकू? अजून पन्नासेक डॉलर खर्च करायची तयारी आहे. बायकोची नाही.

---

रारिटनकाठी
४ जून, सकाळी ६:१५

रीळ परत करू नका. काठावरून, नवशिक्याला, सोबत लहान मूल असताना स्पिनिंगच बरं. बेटकास्टरवर आत्ता जेवढा गुंता होतोय त्याच्या तिप्पट होईल. तुमचं सामान ठीक आहे, चुकतंय ते इतर सगळं. (हलकं घ्या.)

गुंत्याची कारणं तुमच्याच पोस्टमध्ये आहेत. दोरा काठोकाठ भरलात. स्पूलच्या (रिळाच्या चकरीच्या) कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर जाड मोनोची वेटोळी एकदम उसळून बाहेर येतात. पंधरा-वीस यार्ड दोरा कापून टाका. दुसरं, फेकून झाल्यावर रिळावरची ती तारेची कमान हँडल फिरवून बंद करत असणार. ती हाताने बंद करा, दोरा बोटाने एकदा ताणा, मग गुंडाळा. ही एक सवय लागली की निम्मे गुंते संपतात.

हरवलेल्या माशाचं: दोऱ्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरा तुटला नाही, गाठ सरकून सुटली. घासून तुटला असता तर टोक खरखरीत, पांढुरकं दिसलं असतं. पालोमर गाठ शिका. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायचा, साधी सैल गाठ मारायची, मागे उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करायचा. आवळण्याआधी गाठ जिभेवर ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने मोनो तिथेच कमजोर होतो. लेकीला शिकवा, मुलांची बोटं आपल्यापेक्षा चांगली चालतात.

आता आमिष. डबा कपाटात ठेवा. एकच घ्या: पाच इंची सरळ काडीसारखा मऊ प्लास्टिकचा किडा, सेंको किंवा त्याच्यासारखा कुठलाही, रंग ग्रीन पंपकिन (हिरवट तपकिरी). शिसं लावायचं नाही. गळ किड्याच्या बरोब्बर मधोमध आडवा टोचायचा, याला वॅकी रिग म्हणतात. पाण्यात पडला की दोन्ही टोकं थरथरत हळूहळू खाली जातो. तुम्ही काहीही करायचं नाही. खरंच काही नाही. दोरा किंचित सैल ठेवून, तो पाण्यात शिरतो तिथे बघत राहायचं. पंधरा-वीस अंक मोजा, तळाला टेकला की रॉडचं टोक फूटभर उचला, परत पडू द्या. बास बहुतेक वेळा पडतानाच घेतो. हिसका बसत नाही, दोरा नुसता बाजूला सरकू लागतो. तसं दिसलं की सैल दोरा गुंडाळा आणि रॉड आडवा ओढा. फार वाट बघाल तर गळ घशात जातो.

किडे, गळ आणि मधोमध चढवायच्या रबरी रिंगा (रिंगेखालून गळ घातला की किडा लवकर फाटत नाही) मिळून पंधरा-वीस डॉलर. उरलेले वहिनींकडे जमा करा.

आणि सकाळी दहा ते बारा ही जूनमधली बासची वेळ नव्हे, माणसांची आहे. सूर्योदयानंतरचा तास किंवा मावळतीआधीचा दीड तास. तो पोरगा संध्याकाळी का येतो, याचा विचार केलात का?

---

शिंपला
४ जून, सकाळी ९:०२

एक बाळबोध शंका. सोडायचाच असेल तर पकडायचा कशाला?

---

रारिटनकाठी
४ जून, सकाळी ९:३०

शिंपला, रास्त शंका आहे, वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे सोडणं ऐच्छिकही नाही. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास सोडावाच लागतो, कारण तो विणीचा काळ. नर उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंड्यांवर, पिल्लांवर पहारा देतो. तो बाहेर असताना सनफिश नावाचे छोटे मासे अंडी फस्त करतात. म्हणून काठाजवळ ताटाएवढ्या साफ गोलावर मासा ठाण मांडून दिसला तर त्याच्यापुढे आमिष नाचवू नका.

आणि १५ जूननंतरही त्या तळ्यातलं खाऊ नका. लॉनवरची खतं-औषधं त्याच पाइपातून येतात, शेवाळ मारायला बऱ्याच ठिकाणी तांब्याचं औषध टाकतात, शिवाय बासमध्ये पारा साठतो म्हणून राज्याच्याच सूचना आहेत.

---

गरीवाला
४ जून, दुपारी १:१८

वरचा सगळा उपदेश बरोबर आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीला वीस अंक मोजत उभं करणार? आम्ही देवगडात आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात काही लागलं नाही तर आम्ही खेकड्यांच्या मागे. आजोबांनी कधी ओरडून थांबवलं नाही, फक्त पुढच्या वेळी लहान गरी घेऊन आले.

तिच्यासाठी दुसरा छोटा रॉड, ८ नंबरचा बारीक गळ, लाल-पांढरं बूच, आणि अर्धं गांडूळ. गांडूळ नको असेल तर कणकेची गोळी. दोन फूट खोल सोडा. ब्लूगिल मासे लागतील, तळहाताएवढे, निळसर गालांचे, पाचव्या मिनिटाला बूच बुडेल. पाठीवरचा पर काटेरी असतो, तो डोक्याकडून मागे दाबत हात फिरवायचा, मग टोचत नाही.

यात तुमचाही फायदा आहे. ब्लूगिल जिथे जमतात तिथे त्यांना खायला बास येतो. लेकीचं बूच कुठे बुडतंय ते बघा आणि त्याच्या बाजूच्या खोल पाण्यात तुमचा किडा टाका. डब्यातल्या तीन-तोंडी गळांचे उलटे काटे मात्र पक्कडीने चेपून टाका, उद्या तिच्या नाहीतर तुमच्या बोटात जाईल.

---

मरळवेडा
५ जून, रात्री ८:५५ (भारतीय वेळ)

सोलापूरकडून लिहितोय. बास कधी पकडला नाही, पण आमच्या मरळीची आणि त्याची सवय एकच दिसते: शेवाळाखाली दबा धरायचा आणि वरून काही गेलं की उसळून गिळायचं. इकडे तलावांवर पोरं पोकळ रबरी बेडूक वापरतात. त्याचे दोन गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून शेवाळात अडकत नाही. तुमच्या डब्यात असणार बघा. शेवाळावर टाकायचा, दोन टुणुक उड्या, मग गप्प.

पाणी फुटलं की लगेच ओढू नका! सगळे नवशिके तिथेच घालवतात. मासा बेडूक घेऊन खाली वळू दे, दोऱ्याला वजन लागू दे, मग मारा.

---

रारिटनकाठी
५ जून, दुपारी १२:१०

मरळवेडा, शंभर टक्के. फक्त बेडकाला जाड विणलेला (ब्रेडेड) दोरा आणि ताठ रॉड लागतो, १० पौंडी मोनोवर मासा शेवाळात घुसला की संपलं. कोरडा_गळ, या वर्षी बेडूक नको.

---

बिवाकाठी
६ जून, सकाळी ७:४०

जपानहून. थोडं अवांतर. इथे बास परका, १९२५ साली अमेरिकेतून हाकोनेच्या आशी तलावात आणून सोडलेला. आता स्थानिक मासे खातो म्हणून कायद्याने उपद्रवी ठरलाय, जिवंत नेता येत नाही. आमच्या शिगा प्रांतात बिवा तलावात पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाही बंदी आहे, काठावर टाकायला पेट्या ठेवल्यात. तुमच्याकडे ठेवला तर गुन्हा, इथे सोडला तर.

गंमत म्हणजे १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरीने पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या विश्वविक्रमी बासची बरोबरी झाली ती याच बिवात, २००९ साली. पेरीच्या घरच्यांनी तो मासा खाल्ला म्हणतात. शिंपला यांना तेवढंच समाधान.

---

कोरडा_गळ
८ जून, रात्री ९:३५

सर्वांना धन्यवाद. अहवाल देतो.

दोरा कापला. कमान हाताने बंद करतोय, आज दीड तासात एकच गुंता. पालोमर मला चौथ्या प्रयत्नात जमली, लेकीला दुसऱ्या. तिने बुचावर सहा ब्लूगिल काढले आणि प्रत्येकाला नाव ठेवलं.

मी संध्याकाळी सात ते साडेआठ. कारंज्यापर्यंत लांब लांब फेकत होतो, काही नाही. एकदा दोरा बाजूला सरकल्यासारखा वाटला, पण वारं समजून बघत बसलो. गुंडाळलं तर किडा गळाच्या एका बाजूला लोंबत होता आणि त्यावर बारीक कानसीने घासल्यासारख्या खुणा. हा बास होता का?

---

रारिटनकाठी
९ जून, सकाळी ६:०५

होता. बासचे दात असेच, कानसीसारखे. म्हणूनच ओठात अंगठा घालून धरता येतो. वारं दोऱ्याला पोट आणतं, मासा दोरा चालवतो. दोन-तीनदा बघितलंत की फरक कळेल.

आणि कारंज्याकडे का फेकताय? काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तळ्याच्या मध्यात जायचं असतं आणि होडीत बसलेल्या प्रत्येकाला काठाकडे. तुमच्या वर्णनात दोनच जागा सोन्याच्या आहेत, पाइपाचं तोंड आणि ती काँक्रीटची पेटी. पाइपातून पावसानंतर गार पाणी आणि किडेमकोडे येतात. पेटीच्या पूर्वेला संध्याकाळी सावली पडत असेल. काठापासून आठ-दहा फूट मागे थांबा, पाय आपटू नका, पहिली फेक काठाला समांतर. पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभे राहता तेव्हा बहुधा माशाच्या डोक्यावरच उभे असता.

गवतातून जाताना पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर लेकीचे गुडघ्यामागे, कानामागे, केसांत गोचिडी बघा. आपल्याकडे गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम रोग चिकार आहे, हे बासपेक्षा महत्त्वाचं.

---

कोरडा_गळ
१४ जून, रात्री १०:२०

मिळाला!!

दुपारी वळीव येऊन गेला होता, पाइपातून गढूळ पाणी येत होतं. गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसत होती, त्या रेघेवर किडा टाकला. सात, आठ, नऊ मोजलं आणि दोरा डावीकडे निघाला. वाऱ्याच्या उलट दिशेने. लेकच ओरडली, "बाबा, चालला!" मी सैल दोरा गुंडाळून ओढलं तर रॉड वाकला तो वाकलाच. पाण्याबाहेर उसळून त्याने डोकं झाडलं तेव्हा तोंड एवढं उघडं की आत शर्टाची गुंडाळलेली बाही मावावी.

रॉडवर तिने खुणेला चिकटपट्टी लावली होती, त्यावर मोजला, तेरा इंच. हात ओले केले, एका हाताने ओठ, दुसरा हात पोटाखाली. बाजूची काळी पट्टी धरून ठेवली तेवढ्यात फिकी पडत गेल्यासारखी वाटली. गळ ओठातच होता, पक्कडीने लगेच निघाला. पाण्यात उभा धरला, दोनदा कल्ले हलले आणि माझ्या चष्म्यावर पाणी उडवून गेला. फोटोत फक्त माझा कोपर आहे.

तो सायकलवाला पोरगा पलीकडून बघत होता. त्याने अंगठा दाखवला. तोही पेटीपाशीच उभा होता, मी मेला इतके दिवस बघून बघितलं नाही.

आता पुढचा प्रश्न. जुलैत वडील येताहेत, वय ७१, दोन महिने राहतील. सांगलीला कृष्णेवर बांबूच्या काठीने मासे धरलेले. सत्तरीपुढच्यांना लायसन्स लागत नाही असं वाचलं, मग त्यांना थेट नेऊ ना?

---

रारिटनकाठी
१५ जून, सकाळी ५:५०

अभिनंदन! आणि थांबा. सत्तरीची सूट फक्त राज्यातल्या रहिवाशांना आहे. पाहुणे सोळा वर्षांपुढचे असले की लायसन्स लागतंच, खाजगी तळ्यावरही. बाहेरच्यांसाठी दोन दिवसांचं आणि सात दिवसांचं मिळतं, पण दोन महिने राहणार असतील तर वर्षाचंच काढा.

---

गरीवाला
१५ जून, सकाळी ७:२२

वर्षाचंच काढा. कृष्णाकाठचा माणूस सात दिवसांत उठायचा नाही. आणि बांबू शोधून ठेवा, तो सात फुटी रॉड बघून ते हसतील.