बातमी वाचायला अर्थशास्त्राचा पहिला धडा पुरतो का?

(लेख आणि त्याखालची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

आडवा प्रश्न

आयातशुल्क वाढलं की मथळे दोनच प्रकारचे येतात. 'अमुक देशाला दणका' किंवा 'देशी उद्योगाला संजीवनी'. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या जगावर शुल्क लावलं तेव्हाही हेच झालं. कोणावर किती टक्के त्याचे तक्ते सगळीकडे फिरले, पण ती वस्तू विकत घेणारा माणूस त्या तक्त्यांत कुठेच नव्हता.

माझं म्हणणं असं की अशा बातम्या समजायला मोठी विद्वत्ता लागत नाही. पहिल्या धड्यातल्या तीन-चार कल्पना पक्क्या असल्या तरी भागतं. कर भरतो एक आणि सोसतो दुसरा, ही त्यातली पहिली. एका ठिकाणी लावलेला पैसा दुसरीकडे लावता येत नाही, ही दुसरी. आणि भाव बदलला की माणसं वागणं बदलतात, ही तिसरी.

धुलाई यंत्रांचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या घरगुती वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. पहिल्या वर्षी १२ लाख यंत्रांपर्यंत २० टक्के, त्यापुढच्या प्रत्येक यंत्रावर ५० टक्के. शुल्काची मागणी व्हर्लपूल या अमेरिकी कंपनीची होती. सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेत कारखाने काढले, फिती कापल्या गेल्या, रोजगाराचे फोटो छापून आले. नंतर फ्लाएन, होर्ताचसू आणि टिंटेलनॉट या तिघा अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी चढल्या होत्या, देशी कंपन्यांच्यासुद्धा. नोकऱ्या वाढल्या सुमारे १८००. ग्राहकांच्या खिशातून वर्षाला गेले दीड अब्ज डॉलर. तिजोरीत आलेलं शुल्क वजा केलं तरी एका नोकरीमागे पडले साधारण ८ लाख १५ हजार डॉलर.

फीत कापल्याचा फोटो निघतो. प्रत्येक यंत्रामागे ८६ डॉलर जास्त मोजणाऱ्याचा कोण काढणार?

तिरकस

झालं! एक धडा वाचून जगाला शिकवायला निघालेले फार आहेत, त्यात तुमची भर.

पहिला धडा सांगतो की मजुरीचा भाव वर ढकलला की मजुरांची मागणी घटते. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्वेनियात ते तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्टफूड दुकानांना वाढीच्या आधी आणि नंतर फोन करून किती माणसं कामाला आहेत ते विचारलं. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं काही आढळलं नाही. धडा पाठ असलेले लोक चवताळून उठले. कार्डना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे तुमच्या चष्म्याने ती बातमी वाचणारा छातीठोकपणे चुकला असता. ज्याने काहीच वाचलेलं नाही तो निदान 'बघू काय होतं' म्हणतो. धडा वाचलेला बघतच नाही, त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

आडवा प्रश्न

तिरकस, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच प्रश्नावर न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांचे आकडे घेऊन पुन्हा हिशेब केला आणि त्यांचं उत्तर उलट आलं. वाद मिटलेला नाही. आणि गावात काम देणारा एकच असेल तर तो मजुरी दाबून ठेवतो, अशा वेळी वेतन वाढवूनही नोकऱ्या घटत नाहीत, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच लिहून ठेवलंय. हेही पाठ्यपुस्तकातच आहे.

तिरकस

पाठ्यपुस्तकात आहे, पहिल्या धड्यात नाही! मथळ्यात 'पहिला धडा' कोणी लिहिलं? की गोलपोस्ट चाकांवर बसवलंय?

बंदरावरचा

माझी रोजची भाकरी आयातीच्या कागदांवर आहे म्हणून थोडं लिहितो.

'त्या देशाकडून शुल्क वसूल करू' असं भाषणात ऐकलं की आमच्या टेबलावर सगळे एकमेकांकडे बघतात. परदेशातलं सरकार कधी चलन भरायला आलेलं मी पाहिलेलं नाही. माल धक्क्यावर पडलेला असतो, शुल्क भरल्याशिवाय सुटत नाही आणि ते भरतो आयातदार. उशीर झाला तर जागेचं भाडं वेगळं चढतं. डीडीपी नावाची एक अट असते, तिच्यात शुल्क विकणाऱ्याच्या अंगावर असतं. नवीन माणसाला वाटतं, वा, आपण सुटलो. पण विकणारा कोटेशन देतानाच ते धरून देतो. कागदावर नाव त्याचं, पैसे तुमचे.

एवढ्यापुरतं 'आडवा प्रश्न' यांचं बरोबर. पण दर वेळी सगळा बोजा इकडेच येतो असंही नाही. गिऱ्हाईक हातचं जाईल असं दिसलं की समोरचा भाव पाडतो. तशी पत्रं मी वाचली आहेत. कोणाला किती गरज आहे त्यावर ठरतं.

हिशेबनीस

बंदरावरचा यांनी लिहिलं ते आकड्यांतही दिसतं. २०१८ च्या शुल्कांवर अमिती, रेडिंग आणि वाइनस्टीन यांचं काम आहे. आधी त्यांना दिसलं की जवळजवळ सगळा बोजा अमेरिकेतच राहिला. पुढे वर्षभराचे आणखी आकडे हाती आल्यावर पोलाद वेगळं निघालं. परदेशी पोलाद कंपन्यांनी भाव उतरवून साधारण निम्मा भार स्वतःवर घेतला होता. शुल्क लावणारा देश तोच, वर्षंही तीच, आणि दोन वस्तूंची दोन उत्तरं.

आता खरी तक्रार. मूळ लेखात तुम्ही नोकऱ्या मोजल्यात, डॉलर मोजलेत, आणि त्या अभ्यासातली सगळ्यात गमतीची गोष्ट गाळलीत. ड्रायरचं, म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्राचं, काय झालं?

सहज डोकावलो

अर्थशास्त्राला काही तरी अर्थ आहे हे २० एप्रिल २०२० ला कळलं होतं. तेलाचा भाव उणे ३७.६३ डॉलर! म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. गाडी घेऊन पंपावर जाणार होतो, लॉकडाऊन आड आला. :)

आडवा प्रश्न

:) हीच ती बातमी जी धडा न वाचता कळत नाही. उणे झाला तो अमेरिकी तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा, म्हणजे आज भाव ठरवून मे मध्ये माल घ्यायच्या कराराचा भाव, आणि त्या वायद्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुदत संपताना हातात वायदा असेल तर ओक्लाहोमातल्या कुशिंगला खरंखुरं तेल ताब्यात घ्यावं लागतं. टाक्या भरलेल्या, नाही तर आधीच कोणीतरी भाड्याने घेतलेल्या. तेव्हा ज्याला तेल नकोच होतं, फक्त भावावर खेळायचं होतं, त्याने सुटका करून घ्यायला वर पैसे दिले. त्याच दिवशी जूनचा वायदा वीस डॉलरच्या आसपास होता. 'तेल फुकट' हा मथळा म्हणून चुकीचा. त्या दिवशी महाग झाली होती रिकामी टाकी.

ड्रायरचं सांगतो, थांबा जरा.

पानगळ

माझा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या चष्म्यातून माणसांची चीड दिसतच नाही.

काहनेमन, नेट्श आणि थेलर यांनी १९८६ मध्ये लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. एक दुकानदार बर्फ ओढायचं फावडं १५ डॉलरला विकतो. मोठं हिमवादळ झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भाव २० केला. योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. पहिला धडा म्हणतो की भाव वाढलाच पाहिजे, नाही तर पहिला येणारा चार फावडी उचलून नेईल आणि शेवटच्याला एकही उरणार नाही. तर्क बिनचूक आहे, मान्य. पण वादळ गेल्यावर लोक त्या दुकानात पाऊल टाकणार नाहीत, आणि हे दुकानदाराला कळतं म्हणून तो भाव वाढवत नाही. मग बातमी येते 'भाव स्थिर, माल संपला', आणि तुमच्यासारखे लिहितात की लोकांना अर्थशास्त्र कळत नाही. दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त कळलेलं असतं.

आडवा प्रश्न

पानगळ, हा मुद्दा लागला. पण त्याने चार फावडी नेणारा काही नाहीसा होत नाही. भाव न वाढवता त्याला कसं थांबवायचं? 'एका माणसाला एकच' अशी पाटी लावून? तीही वाटणीच, फक्त भावाऐवजी रांगेने.

पानगळ

हो, रांगेने. रांगेत श्रीमंत आणि गरीब यांचा तास सारखाच असतो. निदान सारखा दिसतो.

हिशेबनीस

या दोघांचं भांडण जर्मनीने गॅसवर सोडवून दाखवलं होतं. ते नीट कोणी छापलं नाही म्हणून लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

२०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला, भाव भडकले. लोकांना थंडीत मरू द्यायचं नाही, पण भाव बांधून दिला तर कोणी काटकसर करणार नाही आणि गॅस तर खरंच कमी आहे. पानगळ एका बाजूला, आडवा प्रश्न दुसऱ्या. तोडगा असा निघाला की तुमच्या आधीच्या वापराच्या ८० टक्क्यांवर युनिटला १२ सेंटचा दर, त्यापुढच्या वापराला बाजारभाव. बातमी एवढीच आली: 'सरकारने गॅसचा दर बांधला'.

खरी मेख पुढे आहे. समजा एखाद्या घराचा वापर होता २०,००० युनिट आणि करारातला दर २० सेंट. ८० टक्के म्हणजे १६,००० युनिट. दरातला फरक ८ सेंट. सवलत झाली १,२८० युरो, आणि ही रक्कम ठरून गेली. मूळ बिल ४,००० युरो, ते आता २,७२०. त्या घराने अंगात स्वेटर घालून वापर १५,००० वर आणला तर बिल ३,००० वजा १,२८०, म्हणजे १,७२०. पाच हजार युनिट वाचवले, हजार युरो वाचले. वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे पूर्ण २० सेंट. १२ नव्हे.

म्हणजे मदत पोहोचली आणि शेवटच्या युनिटचा भाव बाजाराचाच राहिला. सीमांत, म्हणजे शेवटच्या एका युनिटचं, या एका शब्दावर उभी असलेली योजना आहे ही.

तिरकस

सुंदर. आता या योजनेच्या मागची माणसंही सांगा की. अर्थतज्ज्ञ इसाबेला वेबर यांनी डिसेंबर २०२१ मध्ये लिहिलं की निवडक वस्तूंच्या भावांवर नियंत्रण आणायचा विचार तरी करा. थोरामोठ्यांनी खिल्ली उडवली. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी इतकं तोडून लिहिलं की नंतर माफी मागायची वेळ आली. आणि जर्मनीच्या ज्या गॅस आयोगाने ही योजना आखली त्यात वेबर होत्या. ज्यांना मूर्खात काढलं त्यांच्याकडूनच पुढे शिकायला मिळालं. क्रुगमन यांना पहिला धडा येत नव्हता असं तर कोणी म्हणणार नाही ना?

आडवा प्रश्न

मग तुम्हीच माझा मुद्दा मांडताय. आयोगाने निव्वळ भाव बांधला असता तर मी म्हटलं असतं तेच झालं असतं. त्यांनी बाजारभाव शाबूत ठेवला. धडा मोडला नाही, वापरला.

तिरकस

वापरला, पण 'आधी माणसं वाचवा' असं कोणीतरी ओरडल्यावर. नुसता धडा वाचणारे तोवर 'बाजाराला काम करू द्या' म्हणत होते. अवजार चांगलंच आहे हो. कोणाच्या हातात आहे आणि तो कोणासाठी चालवतोय ते धड्यात लिहिलेलं नसतं, आणि बातमी बहुतेक वेळा त्याचीच असते. व्हर्लपूलला शुल्क हवं होतं. ८६ डॉलर जास्त मोजणाऱ्यांची संघटना आहे का कुठे?

बंदरावरचा

नाही. आणि होणारही नाही. ८६ डॉलरसाठी कोण मोर्चा काढतो? पण दीड अब्ज वाचवायला किंवा मिळवायला वकील लावणारे असतात.

हिशेबनीस

ड्रायर राहिलाय अजून.

आडवा प्रश्न

हो हो. ड्रायरवर शुल्क नव्हतंच, तरी त्याची किंमत चढली. साधारण ९२ डॉलरने, म्हणजे वॉशिंग मशीनपेक्षा जरा जास्तच. कारण तिथे दोन्ही यंत्रं जोडीने घेतली जातात आणि बहुतेक सारख्याच किमतीला लावलेली असतात. कंपन्यांनी वाढ जोडीवर वाटून टाकली. सगळी वाढ एकट्या मशीनवर चढवली असती तर डोळ्यांत भरली असती.

हे मूळ लेखात घालायला हवं होतं. घातलं नाही, कारण खरं सांगायचं तर 'शुल्क लावलं, त्या वस्तूचा भाव वाढला' ही माझी गोष्ट त्याने थोडी वाकडी झाली असती.

तिरकस

म्हणजे शुल्क लागलेल्या वस्तूकडेच डोळे लावून बसलेला पहिल्या धड्याचा विद्यार्थी निम्म्याहून जास्त वाढीला मुकला असता. मथळा बदलणार का?

आडवा प्रश्न

मथळ्यात प्रश्नचिन्ह आहे, तिरकसराव. ते तसंच राहू दे.