रविवारचा लिंबूसोडा स्टॉल: बाटल्यांच्या गळ्याशी तेल

पेंडसे काकू, ए-३०३: क्लबहाउसमधल्या लिंबूसोड्याच्या नमुन्याच्या बाटल्या कोणी बघितल्या का? गळ्याशी तेलकट कडं धरलंय. उद्या पोरंबाळं हेच पिणार? वर हा फॉरवर्ड आलाय, लिम्कात विषारी तेल असतं म्हणून. कमिटीने कृपया खुलासा करावा 🙏

जोगळेकर काका: स्टॉलचा खर्च वर्गणीतून की मेंटेनन्समधून?

देसाई (सेक्रेटरी): काकू, त्या बाटल्या बाजूला काढल्यात. विवेक, जरा बघ रे.

विवेक सावंत: काकू, फॉरवर्ड शिळा आहे. ते तेल म्हणजे ब्रोमिनेटेड व्हेजिटेबल ऑइल, बीव्हीओ, म्हणजे ब्रोमिन जोडून जड केलेलं वनस्पती तेल. लिंबाच्या सालीच्या तेलाची घनता ०.८५ च्या आसपास, गोड पेयाची १.०४. त्यामुळे तेल वर येऊन गळ्याशी बसतं. बीव्हीओची घनता १.३३. ते मिसळलं की थेंब पेयाइतके जड होतात आणि जिथल्या तिथे राहतात. लिम्काचा धुरकटपणा या बारीक थेंबांचाच. भारतात बीव्हीओवर १९९० सालीच बंदी आली. आता त्याजागी एस्टर गम वगैरे घालतात, लेबलवर ४४५ किंवा ४४४ आकडा दिसेल. अमेरिकेने परवानगी काढून घेतली ती २०२४ मध्ये.

अनघा राणे: म्हणजे या एका बाबतीत आपण ३४ वर्षं पुढे 😄

म्हात्रे, बी-१०१: वागळे इस्टेटवरून सोडा मशीनच्या गॅस सिलिंडरचा टेम्पो निघालाय. बी विंगसमोरची पांढरी गाडी काढा.

शिर्के, बी-७०४: ती गाडी स्वतःच्या पट्ट्यात आहे. आधी पट्टे बघा, मग मेसेज टाका. आणि लिम्काचं कौतुक कशाला? परदेशी कंपनीचंच ना ते?

अनघा राणे: शिर्केसाहेब, जन्म इथलाच. सत्तरच्या दशकात रमेश चौहानांच्या पार्लेने आणलं. परकीय चलन कायद्याप्रमाणे हिस्सा ४० टक्क्यांवर आणायची वेळ आली तेव्हा कोकाकोलाने १९७७ मध्ये गाशा गुंडाळला, आणि लिम्का, थम्स अपला रान मोकळं मिळालं. परत आल्यावर १९९३ मध्ये त्यांनी लिम्का, थम्स अप, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा सगळंच विकत घेतलं.

शिर्के, बी-७०४: आणि गोल्ड स्पॉट बंद करून फँटा आपल्या गळ्यात मारला. तेच म्हणतोय मी.

जोगळेकर काका: स्टॉलचा खर्च वर्गणीतून की मेंटेनन्समधून?

रोहन, ए-९०२: सेव्हन-अप १९२९ मध्ये आलं तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट होतं, १९४८ पर्यंत. मूड शांत करायला लिथियम आजही देतात. पुढच्या जनरल बॉडीला तेच वाटा 😂

देसाई (सेक्रेटरी): रोहन, ग्रुपचा वापर कामापुरता करावा ही विनंती.

पेंडसे काकू, ए-३०३: अहो पण आपल्या बाटल्यांचं काय?

विवेक सावंत: त्यातलं एसेन्स तेलाचं आहे. कारखान्यात अरबी डिंक लावून होमोजिनायझर म्हणजे थेंब फोडणाऱ्या यंत्रातून थेंब एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणतात. मिक्सरला ते झेपत नाही, थेंब मोठेच राहतात आणि रातोरात वर येतात. तेव्हा एसेन्स नको आणि आदल्या दिवशी भरूनही ठेवायचं नाही. १० लिटरला, म्हणजे ५० ग्लासांना:
साखर १ किलो, गरम पाणी १ लिटर. विरघळवून गाळा, पूर्ण गार करा.
कागदी लिंबाचा रस ३०० मिली, वीसेक लिंबं लागतील. सकाळीच काढा, साल पिळू नका. रस पडून राहिला किंवा साल दाबली गेली की कडू होतो.
मीठ २ चमचे, सिरपमध्येच विरघळवा. सोड्यात कोरडं मीठ पडलं की फसफसून गॅस निघून जातो.
ग्लासात आधी ४० मिली हे मिश्रण, मग कडेने १६० मिली सोडा. चमच्याने एकदाच, खालून वर.

म्हात्रे, बी-१०१: सोडा मशीनला पाणी किती गार लागतं?

विवेक सावंत: ४ अंश. २० अंशांच्या पाण्यापेक्षा शून्याला गॅस जवळपास दुप्पट मुरतो. कोमट पाणी घातलंत तर सिलिंडर संपेल आणि सोडा मात्र पाणचट. आणि गॅस पाण्यात भरायचा, सिरपमध्ये नाही, नाहीतर मशीनमधून फेसच बाहेर येईल.

जोगळेकर काका: ३ वेळा विचारलं. वर्गणी की मेंटेनन्स?

देसाई (सेक्रेटरी): काका, वर्गणीतून. ग्लासाचे २० रुपये घेणार आहोत.

जोगळेकर काका: सभासदांकडूनही? 😡

म्हात्रे, बी-१०१: टेम्पो गेटवर आलाय. पांढरी गाडी???