देवाकडे मागायचं नाही, तर कुणाकडे मागायचं?

शिवडीची लेक:
काल 'निराकार' यांनी लिहिलं, देव हे निर्गुण तत्त्व आहे, त्याच्याकडे काही मागणं हा त्याचा अपमान आणि नवस म्हणजे निव्वळ लाच. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा भाऊ परळला कॅन्सरच्या वॉर्डात होता. आई बाहेर फुटपाथवर बसून विठ्ठलाशी भांडायची. "डोळे फुटले का तुझे?" असं थेट विचारायची. लाच देणारा कधी साहेबाला असं बोलतो का? जनाबाईने तर विठ्ठलाला जात्यावर बसवलं आणि रागात शिव्याही घातल्या. तिला आपण संत म्हणतो. लालबागचा राजा 1934 साली बसला तोही नवसातूनच. कोळी आणि छोट्या व्यापाऱ्यांना बाजारासाठी हक्काची जागा हवी होती. पोटापाण्याचं गाऱ्हाणं देवाला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं? तुमच्या तत्त्वाला हाक कशी मारतात तेवढं सांगा.

निराकार:
ताई, आईंबद्दल आदरच आहे. पण शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईनेही हाक मारलीच असणार. एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याचं नाही, अशी निवड करणारा देव मला मान्य नाही. याच मुंबईत 1867 साली प्रार्थना समाज सुरू झाला. रानडे, भांडारकर मूर्तीशिवाय प्रार्थना करायचे, तुकोबांचे अभंगही गायचे. प्रार्थना स्वतःला घडवण्यासाठी असते, कामं करून घेण्यासाठी नाही.

शिवडीची लेक:
माझा भाऊ वाचला नाही. मी ते लिहिलं नव्हतं, कारण मुद्दा तो नव्हताच. आई आजही रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर बसून भांडते. तिला आता त्याच्याकडून काही मिळायचं नाहीये. तरी बोलते. याला तुम्ही काय म्हणाल?

वांद्र्याची:
माउंट मेरीला आम्ही मेणाचे हात, पाय, घरं वाहतो. लाच म्हणायचं तर आम्हालाही म्हणा.

गिरणगावकर:
सगुण-निर्गुण राहू द्या, आधी रांगेचं बोला. वडिलांना एका प्रसिद्ध देवळात नेलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अख्खी दुपार रांगेत गेली. आमच्या डोळ्यांदेखत कुण्या पुढाऱ्याचा भाचा बाजूच्या दाराने आत. वडील गाभाऱ्यासमोर पोचले, हात जोडले, तेवढ्यात "चला चला" म्हणून खांद्याला धरून पुढे ढकललं. देवाशी नातं म्हणता, मग मधला हा माणूस कोण?

स्वयंसेवक:
तोंड सांभाळून बोला. मी दरवर्षी उत्सवात गर्दीला दोरी धरतो, पायांना फोड येईपर्यंत उभा असतो. पुढे एकजण जास्त थांबला की मागे बायका-पोरं चेंगरतात. "चला चला" इतकं लागत असेल तर घरी देव्हारा आहे ना?

गिरणगावकर:
दोरी धरणाऱ्याला बोललोच नाही. भाचा निवांत आरती करत होता, तेव्हा मागे कुणी चेंगरत नव्हतं का?

स्वयंसेवक:
ते दार आम्ही उघडत नाही, वरून फोन येतो. चूक आहे, म्हणा हवं तर. पण शिव्या आम्ही का खायच्या?

मंगळवेढेकर, मुक्काम चेंबूर:
"घरी देव्हारा आहे ना" हे आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. चोखोबाला आत येऊ दिलं नाही, त्याची समाधीही देवळाबाहेर. पंढरपूरचं देऊळ आम्हाला उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. माझ्या आजोबांनी 1956 साली धम्म स्वीकारला आणि देवाचा विषयच संपवला. निराकारराव, सगळ्यांत एकच तत्त्व आहे असं सांगणारेच विटाळ पाळत होते. तुमच्या निर्गुणानेही दार उघडलं नाही.

निराकार:
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचेच. 1906 साली त्यांनी मुंबईतच अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

मंगळवेढेकर, मुक्काम चेंबूर:
शिंद्यांना मानतो. पण त्यांचं नाव पुढे करून बाकीच्यांना सोडवू नका.

शिवडीची लेक:
माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

निराकार:
आई मागत नसतील तर तो नवसही नाही आणि लाचही नाही. त्यांच्यापुरता तो शब्द मागे घेतो. नवसाबद्दलचं मत बदलणार नाही. आणि शेजारच्या खाटेचं तुम्हीही टाळलंत.

शिवडीची लेक:
टाळलं नाही. आईही विठ्ठलाला तेच विचारते, त्या पोराचं नाव घेऊन. तोही गेला.

स्वयंसेवक:
गिरणगावकर, यंदा वडिलांना घेऊन या. मी स्वतः पुढे सोडतो.

गिरणगावकर:
माझ्या वडिलांना सोडाल हो. त्यांच्या मागे काठी टेकत उभ्या असलेल्या म्हातारीचं काय?