मदत हवी आहे: फक्त लॅपटॉपवरच वायफाय रखडतंय

मंडळी, राउटरच्या शेजारी बसूनही लॅपटॉपवर जेमतेम ३०-४० एमबीपीएस मिळतात. त्याच जागी मोबाइलवर पूर्ण १००, आणि केबल जोडली की लॅपटॉपवरही १००. म्हणजे घोडं वायफायपाशीच अडतंय. विंडोजमध्ये लिंक स्पीड ७२ दिसतो, बँड २.४ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत येतच नाही! मोबाइलला मात्र दिसतं. ड्रायव्हर अपडेट केला, पॉवर सेव्हिंग बंद केलं. ब्लूटूथ माउस काढला की किंचित फरक पडतो (तोही २.४ वरच चालतो ना).

लॅपटॉपचं वायफाय कार्ड ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही पकडणारं) आहे का, हे नेमकं कुठे बघायचं? की राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ‘ऑटो’वरून ३६ वर आणून पाहू? कार्डच जुनं निघालं तर यूएसबी अडॅप्टर बरा की आतलं कार्ड बदलावं? ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढं सोडून काहीही सुचवा.