वेगेनरचं म्हणणं ५० वर्षं कोणी का मानलं नाही?

अभ्यासू_मी
नमस्कार मंडळी, एमपीएससीचा अभ्यास करतेय आणि भूगोलात एका जागी अडकलेय. सगळ्या पुस्तकांत तेच तीन मुद्दे, वेगेनरचं खंडवहन, मग हेसचा सागरतळ विस्तार, मग भूपट्ट सिद्धांत, प्रत्येकाखाली चार-चार ओळी. पाठ होतात पण डोक्यात बसत नाहीत. म्हणजे १९१२ साली एक माणूस सांगतो की खंड सरकतात, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात, दोन्हीकडे सारखेच जीवाश्म सापडतात, तरी पुढची ५० वर्षं मोठमोठे लोक नाही म्हणतात आणि मग पाच-सात वर्षांत बहुतेक सगळे हो म्हणतात?? मधे घडलं काय नक्की? क्लासला सांगितलं की तो हवामानशास्त्रज्ञ होता म्हणून कोणी ऐकलं नाही. एवढंच कारण? लांब उत्तर चालेल.

कातळवेडा
ताई, बाहेरचा माणूस म्हणून नाकं मुरडली गेली हे खरंय, पण तेवढंच सांगितलं तर त्या काळच्या लोकांवर अन्याय होतो, त्यांचा मुख्य आक्षेप रास्त होता. प्रश्न साधा होता, खंड ढकलतंय कोण? वेगेनरने दोन कारणं दिली, एक पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंड विषुववृत्ताकडे रेटले जातात आणि दुसरं चंद्र-सूर्याची भरतीसारखी ओढ. जेफ्रीज नावाच्या ब्रिटिश गणित्याने हिशोब मांडून दाखवला की ही बळं त्या कामाला कुठच्या कुठे अपुरी आहेत. तो हिशोब बरोबरच होता. शिवाय वेगेनरच्या कल्पनेत खंड समुद्रतळाच्या खडकातून वाट काढत पुढे जातात, आणि तो खडक इतका टणक की खंडाचाच चुरा होईल. त्यात ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतंय असं त्याने जुन्या मोजमापांवरून लिहिलं, ती मोजमापंच चुकीची होती, खरा वेग दोन-तीन सेंटीमीटर.

पण जीवाश्मांचं काय? तर विरोधक म्हणायचे की खंडांमधे पूर्वी जमिनीचे पूल होते, ते बुडाले. यावर मात्र वेगेनरचं उत्तर बिनतोड होतं, खंडाचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका, तो बुडेल कसा? म्हणजे दोन्ही बाजूंकडे एकेक मोठं भोक होतं आणि ते बुजवायला लागणारा पुरावा समुद्राच्या तळाशी पडलेला, जिथे तेव्हा कोणी पाहिलंच नव्हतं. माझ्या मते ५० वर्षांचं खरं कारण हेच.

आणि "कोणीच मानलं नाही" हे पण पूर्ण खरं नाही हं. दक्षिण आफ्रिकेचा भूशास्त्रज्ञ द्यू त्वा आयुष्यभर त्याच्या बाजूने लढला. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सने तर १९२८ च्या सुमारासच सांगून टाकलं की किरणोत्सारी उष्णतेने प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, संवहन प्रवाह (गरम वर येतं, थंड खाली जातं तसे) असतील आणि खंड त्यावर बसून जात असतील, सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखे. तोपर्यंत वेगेनर स्वतः परत ग्रीनलंडच्या मोहिमांत गुंतला होता आणि १९३० च्या नोव्हेंबरमधे, पन्नाशी नुकतीच पूर्ण झालेली असताना, तिथल्या बर्फातच गेला. ते वाचलं की अजून गलबलतं.

दर्यावर्दी_७
कातळवेडा, मस्त लिहिलंत. समुद्रतळाचं मी सांगते, कारण तिथे एक नाव पुस्तकांतून कायम गळतं, मेरी थार्प. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत ती काम करायची. जहाजावरून आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजून खोली काढतात ना, ते हजारो आकडे घेऊन ती हाताने तळाचे नकाशे काढायची. स्वतः जहाजावर जाता येत नव्हतं, बायकांना घेतच नव्हते. १९५२ मधे तिला दिसलं की अटलांटिकच्या मधोमध जी पर्वतरांग आहे तिच्या माथ्यावर लांबच लांब खोल खाच आहे, जमीन ताणून फाटल्यासारखी. सहकारी हीझनने ते पोरींच्या गप्पा म्हणून उडवून लावलं, कारण खाच मान्य केली की खंडवहन मान्य करावं लागलं असतं. मग समुद्रातल्या भूकंपांचे ठिपके नकाशावर मांडले तर ते नेमके त्याच खाचेत!! तेव्हा कुठे त्याला पटलं.

तिथून पुढे गाडी सुसाट. अमेरिकन भूशास्त्रज्ञ हेसने १९६२ मधे मांडलं की या रांगांवर नवा तळ तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि खोल गर्तांमधे परत आत जातो. म्हणजे खंडाला खडक फोडत जायची गरजच नाही, तळच त्याला घेऊन जातो. पण ही नुसती कल्पना होती, हेस स्वतःच तिला भू-काव्य म्हणायचा. पुरावा आला चुंबकीय पट्ट्यांतून, आणि ताई, त्यातली महत्त्वाची मोजणी आपल्याच अरबी समुद्राकडची आहे, कार्ल्सबर्ग रांगेवरची, १९६२ मधे मॅथ्यूजने केलेली. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून गोठतात, आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, म्हणून तळावर सुलट-उलट असे पट्टे पडतात. व्हाइन आणि मॅथ्यूजने हे १९६३ मधे छापलं. कॅनडाच्या मॉर्लेने तोच विचार स्वतंत्रपणे त्याच वर्षी लिहून पाठवला होता, दोन नियतकालिकांनी परत केला. १९६६ मधे पॅसिफिकमधल्या एका जहाजाची नोंद आली, रांगेच्या डावी-उजवीकडे पट्टे हुबेहूब आरशातल्यासारखे. त्यावर वाद घालायला फारसं काही उरलंच नाही.

अभ्यासू_मी
अंगावर काटा आला खरंच. पण मग भूपट्ट हा शब्द कुठे आला यात? खंडवहन आणि ते एकच का?

कातळवेडा
नाही, इथेच परीक्षेत गडबड होते. सरकतो तो खंड नाही, पट्ट. भारताच्या पट्टात जमीनही आहे आणि समुद्रतळही. कॅनडाच्या टुझो विल्सनने १९६५ मधे पृथ्वीचं कवच अशा ताठ तुकड्यांत विभागलंय असं सांगितलं, मग १९६७-६८ मधे मॅकेन्झी, पार्कर आणि मॉर्गन यांनी गोलावर हे तुकडे कसे फिरतात त्याची भूमिती मांडली, ल पिशोंने सहा मोठे पट्ट धरून सगळ्या जगाचा हिशोब जुळवला. भूकंपशास्त्राचीही मदत झाली, अणुचाचण्या पकडायला जगभर भूकंपमापक बसवले होते, त्यामुळे पट्टांच्या कडा नकाशावर आखल्यासारख्या दिसायला लागल्या.

अजून एक, सह्याद्रीत ट्रेकला जाता ना? त्या काळ्या कातळाचे नमुने १९५० च्या दशकात इंग्लंडला नेऊन क्लेग आणि मंडळींनी त्यातलं गोठलेलं चुंबकत्व मोजलं, १९५६ मधे छापलं. विषुववृत्तापासून जितकं दूर तितकी चुंबकसुई जास्त कलते, आणि आज ती इथे जितकी कलते त्यापेक्षा कातळातला कल कितीतरी तीव्र निघाला, म्हणजे लाव्हा वाहिला तेव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ही जमीन विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती. हेसच्या आधीची गोष्ट ही!

चांद्याचा_पोरगा
मी चंद्रपूरचा, उशिरा आलो धाग्यावर. हे सगळे दक्षिणेकडचे खंड पूर्वी जोडलेले होते त्या महाखंडाला गोंडवन म्हणतात, ते नाव ज्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं त्यात आमचाही भाग येतो. बाबा कोळशाच्या खाणीत होते, लहानपणी घरी एक करड्या दगडाची चीप आणलेली, त्यावर पानाचा ठसा, जिभेच्या आकाराचं पान, मधे ठसठशीत शीर आणि बाजूंना जाळी. कॉलेजला गेल्यावर कळलं की ते ग्लोसोप्टेरिस. तेच पान आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडतं आणि वेगेनरच्या पुराव्यांत ते होतं. चीप अजून आईकडे आहे, दिवाळीत गेलो की फोटो काढून इथे टाकतो.