मदत हवी आहे: भाच्याच्या आजाराविषयी शाळेला काय लिहून द्यावे?

निळाई
माझ्या भाच्याच्या आजाराचे निदान गेल्या महिन्यात झाले. ताई आणि भावोजी अजून सावरलेले नाहीत, त्यामुळे शाळेशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सोमवारी मुख्याध्यापिकांची भेट आहे. जिना चढताना तो मागे राहिला की वर्गशिक्षिका त्याला सर्वांसमोर आळशी म्हणतात. पत्रात नेमके काय लिहावे, ते कृपया लवकर सांगा.

प्राजक्त
आजार कोणता, मुलाचे वय किती, निदान कशावरून झाले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय कोण काय सांगणार?

निळाई
क्षमस्व, दिवसभर डोक्यात तेच असल्याने लिहायचे राहून गेले. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार आहे, जनुकीय चाचणीने निश्चित झाली आहे, आणि भाचा 6 वर्षांचा आहे. जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा होतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर टेकवत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतो. पोटऱ्या भरलेल्या दिसत, म्हणून आम्ही सगळे त्याला दणकट समजत होतो.

जुना वाचक
रोज तेलाने मालीश करा आणि भरपूर पळवा. माझा पुतण्या असाच अशक्त होता, दोन वर्षांत सुधारला.

सहप्रवासी
कृपया असे काही करू नका. आपल्या पुतण्याला हा आजार नव्हता. यात स्नायूंच्या पेशींना आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे जबरदस्तीच्या श्रमाने स्नायू बळकट होण्याऐवजी अधिक झिजतात. माझा मुलगा 14 वर्षांचा आहे आणि 11व्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीत आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

जुना वाचक
मग फिजिओथेरपिस्ट तरी काय करतात? तोही व्यायामच.

सहप्रवासी
ते सांधे आखडू नयेत म्हणून हलका ताण देतात. शर्यत लावत नाहीत.
निळाई, पत्रात एवढे अवश्य लिहा: वर्ग तळमजल्यावर असावा, पळण्याची किंवा उठाबशांची सक्ती नसावी, जिन्यावर गर्दीत धक्का लागू नये, दमल्यावर त्याला बसू द्यावे. स्टेरॉइड सुरू असतील तर तेही कळवा, कारण ते अचानक बंद करणे धोक्याचे असते आणि सहलीच्या दिवशी गोळी हमखास राहून जाते.

प्राजक्त
आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: ताईंची वाहक चाचणी, म्हणजे या आजाराचा जनुकीय बदल त्यांच्यात आहे का याची तपासणी, करून घ्या. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल आईकडून न येता नव्याने झालेला असतो, पण आई वाहक असेल तर तिच्याही हृदयाची तपासणी लागते. शाळेत जागृती करायची असेल, तर 7 सप्टेंबर हा या आजाराचा जागतिक दिवस आहे. डिस्ट्रॉफिनच्या जनुकात 79 एक्सॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे असतात, त्यावरून 7/9 ही तारीख ठरली.

निळाई
मनापासून आभार. मसुदा आज रात्रीच लिहिते, आणि ताईच्या चाचणीविषयी भावोजींशी बोलते. मात्र एक अडचण उरते. पत्र वर्गात वाचून दाखवायचे नाही, असे भाच्याने मला बजावले आहे. मग त्याच्या बाकावरच्या मित्राला हे कोणी आणि कसे सांगावे?

सहप्रवासी
आधी भाच्यालाच विचारा. माझ्या मुलाने ते स्वतः सांगितले होते, फक्त एकाच मित्राला.