हायस्कूलला तुम्ही कसे जायचात? तुमची मुलं कशी जातात? अनुभव लिहा

मी आठवी ते दहावीला शिकवते. शाळा तालुक्याच्या गावापासून बरीच आत आहे, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं येतात. हजेरी घेताना "हजर बाई" एवढंच ऐकू येतं, पण ते पोर इथवर कसं पोचलं हे हजेरीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं. जुलैत पहिल्या तासाला निम्मा वर्ग ओला असतो, मुली ओढणी पिळून बाकाच्या कडेला वाळत घालतात आणि तशाच लिहायला बसतात. बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी नाहीतर सातवीपर्यंत, मग पुढे बाहेर जावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किमीच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किमीच्या आत हवी असं आहे, पण तो कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे नववी दहावीचं अंतर कोणी मोजतच नाही. माझ्या पाहण्यात तरी अभ्यास जमत नाही म्हणून शाळा सोडणाऱ्या मुली थोड्या, रस्त्यापायी सोडणाऱ्या जास्त. म्हणून विचारतेय, तुमचा रस्ता कसा होता? मोठं लिहा, छोटं लिहा, पण लिहा.

संगमेश्वर तालुका, दहावी १९८७

आमची वाडी डोंगरावर, हायस्कूल खाली बाजारपेठेत. चालत जायचो, दुसरं काही नव्हतंच. मधे एक पऱ्ह्या, म्हणजे ओढा, लागायचा, त्याच्यावर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी वाडीतली माणसं साकव घालायची, दोन पोफळी आडव्या टाकायच्या, त्यावर चिव्याच्या कामट्या बांधायच्या आणि धरायला एका बाजूला दांडा. पहिल्या पावसानंतर त्या पोफळीला शेवाळ धरायचं, मग चपला हातात घेऊन अनवाणी पायाची बोटं रोवत पलीकडे जायचं, मोठ्या पोरांनी पुढे आणि शेवटी, लहान मधे, हे कोणी शिकवलं नव्हतं पण पाळलं जायचं. दप्तर म्हणजे खताची प्लास्टिकची पिशवी, धुऊन घेतलेली, तिच्यात वह्या एकदम कोरड्या राहायच्या. पऱ्ह्याला पाणी चढलं की संध्याकाळी अलीकडेच अडकायचो. तिथे एक काकी होती, नात्यातली नव्हे. ती उंबऱ्यात उभी राहून पाण्याकडे बघायची आणि सरळ सांगायची, आज कोणी जायचं नाही, मी भात टाकलाय. तिच्या घरी आम्ही कितीतरी रात्री काढल्या. आज तिथे काँक्रीटचा पूल आहे, पण वाडीत हायस्कूलला जाणारी पोरंच उरली नाहीत, सगळी मुंबईला.

यवतमाळ जिल्हा

मी आई म्हणून लिहून राहिली. माझी मोठी पोरगी आठवीत गेली तेव्हा घरात सगळे म्हणत होते की बस झालं आता. मग सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस गावात यायला लागली, आठवी ते बारावीच्या मुलींसाठी फुकट, आणि आमच्या सासऱ्यांनीच सांगितलं की गाडी दारात येते तर जाऊ द्या तिला. एका गाडीने घरातलं मत बदललं हे मी डोळ्यांनी बघितलं. ही योजना राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आहे आणि जवळच्या गावच्या मुलींना सायकलही मिळते. धाकटीला सायकल मिळाली. सायकल चांगलीच आहे पण उन्हाळ्यात परतीला तोंडावर गरम वारा येतो, पोरी दुपट्टा पूर्ण तोंडाला बांधून येतात, आणि पंक्चर झालं तर अख्ख्या रस्त्यात दुकान नाही. चौघी सोबत निघतात, एकीचं चाक बसलं की चौघी पायी. एकटीला मागे सोडायचं नाही हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं आहे.

बामणोलीकडचा

आमच्याकडे रस्ता म्हणजे पाणी. कोयनेचा शिवसागर जलाशय मधे पसरलेला आहे, पलीकडे जायचं तर लाँच नाहीतर होडी. २०२२ साली खिरखिंडीच्या मुलींची बातमी सगळ्यांनी वाचली असेल, स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायच्या आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठायच्या, मुंबई उच्च न्यायालयाने ती बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली होती. बाहेरच्यांना ते धाडस वाटलं, कौतुक झालं. आम्हाला त्याचं कौतुक नको वाटतं खरं सांगायचं तर. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की होडी आडवी होते, आणि तिच्यात बसलेलं पोर आपलं असतं.

पुणे, कोथरूड

आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या सुमाराला, कोथरूडहून पेठेतल्या शाळेत सगळी सायकलवर. शाळेच्या मागे सायकलींची रांग अशी की आपली बाहेर काढायला आजूबाजूच्या पाच उचलाव्या लागायच्या. आता माझा मुलगा दहावीत आहे, त्याच रस्त्याने त्याला सायकलवर पाठवायची माझी हिंमत होत नाही. व्हॅनवाले काका आहेत पण क्लासच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे त्याचं रोज एकच, आई गाडी दे, सगळे आणतात. आणतात हे खरं आहे, शाळेपासून दोन गल्ल्या अलीकडे लावून ठेवतात. मी देत नाही आणि देणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पण दंडाचं सोडा हो, आमच्या सोसायटीतला एक मुलगा अजून कुबड्या घेऊन चालतोय. आयांनो, तुमचा मुलगा रुसला तर रुसू दे.

डोंबिवली

नववी दहावी लोकलने केली, दोनच स्टेशनं. सकाळच्या लेडीज डब्यात गर्दीत उभ्याने इतिहास पाठ केलाय, रोजच्या ग्रुपमधल्या बायकांना माझ्या परीक्षेचं वेळापत्रक माहीत असायचं, पेपरच्या दिवशी कोणीतरी उठून बसायला द्यायचं. उतरताना दारातल्या बायका ओरडायच्या, शाळेची मुलगी आहे, आधी तिला उतरू द्या. बस एवढंच.

चोडण, गोवा

आमची फेरीबोट. चालत येणाऱ्याला तिकीट नाही त्यामुळे शाळेच्या पोरांना पैशाचा प्रश्न कधी आला नाही. रायबंदरच्या धक्क्यावर उतरायचं आणि बस पकडायची. फळी खाली यायच्या आधीच उड्या मारायला बघणाऱ्यांना बोटीवरचे मामा दरडावायचे. आता बऱ्याच शाळांना सरकारची बालरथ बस आहे, पण बेटावरून बाहेर जाणाऱ्याला पाणी ओलांडावंच लागतं.

नेदरलँड्स, उट्रेख्तजवळ

मुलगी बाराव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेली आणि पहिल्याच आठवड्यापासून सायकलने एकटी जायला लागली, इथे तेच रीतीचं आहे. सायकलींचा रस्ता वेगळा, लालसर डांबराचा, त्याला स्वतःचे सिग्नल. पहिला महिना मी खिडकीत उभी. थंडीत सकाळी आठला अजून अंधार असतो, दिवा नसेल तर पोलीस दंड करतात, म्हणून दिवा चार्ज केला का हा आमच्या घरातला रोज रात्रीचा प्रश्न. पाऊस असला तरी जातात, वरून पावसाळी पँट चढवायची आणि शाळेत काढायची. सासूबाई सातारहून आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, पोरी तशाच गं, रस्ता तेवढा शहाणा आहे इथला.

अंबाजोगाईकडचा, निवृत्त वाहक

मी एसटीत वाहक होतो. बाई तुम्ही मुलींबद्दल लिहिलंय म्हणून लिहितो. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत असते आणि अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास पूर्ण मोफत आहे. सकाळची पहिली गाडी म्हणजे शाळेचीच गाडी, मला कुठल्या फाट्यावर कोण चढणार हे तोंडपाठ. एक पोरगी चार दिवस दिसली नाही की मी तिच्या मैत्रिणीला विचारायचो. बऱ्याचदा आजारी असायची, कधी ऊसतोडीला घरचे घेऊन गेलेले असायचे, तिथे आपला इलाज चालत नव्हता. पण काही वेळा कारण निघायचं की पासाची मुदत संपलीय, आणि आगारात जाऊन नवा काढून आणायला घरात रिकामं माणूस नाही. एवढ्याशा कागदापायी पोरगी घरी! मग मीच बोनाफाइड घेऊन आगारात जायचो आणि संध्याकाळच्या गाडीत पास हातात द्यायचो. अलीकडे पास थेट शाळेत द्यायला सुरुवात झालीय, ते फार बरं झालं. तुमच्या शाळेत होत नसेल तर मुख्याध्यापकांनी यादी करून आगारात द्यावी, त्याला काही लागत नाही.

आणखी एक. दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर ठेवतात, शेवटची गाडी त्याआधीच निघून जाते. मी पाहिलंय, गावातली मुलं तासाला थांबायची आणि बाहेरगावच्या मुली दप्तर उचलून गाडीकडे पळायच्या.

धागा काढणारी

वाहककाका, तुमचं शेवटचं वाचून मी आमच्या वर्गाची यादी काढून बसले. गेल्या वर्षी जादा तासाला न येणाऱ्यांत जवळजवळ सगळ्या गाडीवाल्याच होत्या, आणि स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना अभ्यासाची आवड नाही म्हणत होतो. सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलणार आहे. जादा तास सकाळी घ्यावे तर पहिली गाडीच शाळा भरायच्या दहा मिनिटं आधी येते, आणि मधल्या सुट्टीत घ्यावे तर मुलांनी जेवायचं कधी. ज्यांच्या शाळेत हे बसवलंय त्यांनी कसं बसवलं ते लिहा, आणि गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलून घेता येते का, अर्ज कोणी करायचा, ग्रामपंचायतीने की शाळेने, हे काका तुम्ही सांगा.